खड्डा आला की गाणं बंद

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की इंजिन कान देऊन ऐकलं जातं, टायरची नक्षी बघितली जाते, डिकीतला गालिचा उचलून गंज शोधला जातो. म्युझिक सिस्टीमची तपासणी मात्र बटण दाबण्यापुरती. गाणं लागलं की संपलं. कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांकडून आम्ही २०१५ ची ही हॅचबॅक घेतली तेव्हाही गाणं लागलं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीत, अगदी छान लागलं होतं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे काही निघालं त्यात गाडी बनवणाऱ्यांचा काडीचाही दोष नव्हता. एमएच ४३ ची पाटी, एकच मालक, सर्व्हिसचे कागद जागच्या जागी, आणि डॅशबोर्डवर बाहेरून बसवून घेतलेला नऊ इंची अँड्रॉइड सेट. 'सेटचं तर बघायलाच नको, मुलानं हौसेनं बसवलाय,' असं ते म्हणाले. किल्ली काढल्यावरही गाणं चालू राहतं, हे त्यांनी खास वैशिष्ट्य म्हणून दाखवलं. त्या हौसेची एकेक वायर पुढे मोजून बाहेर काढावी लागली.

माझं रोजचं जाणं-येणं वर्तकनगर ते ऐरोली, कळवा पूल ओलांडून विटाव्यावरून. रविवारी बाबांना घेऊन घोडबंदर रोडला, कासारवडवलीला बहिणीकडे. दोन्ही रस्त्यांची अवस्था ठाणेकरांना सांगायची गरज नाही. गाडी आली आणि आठवड्याच्या आतच कळलं की चाक खड्ड्यात गेलं की आवाज जातो. एका बाजूचा नाही, चारही स्पीकरचा, एकदम. स्क्रीन चालू, गाण्याचे सेकंद पुढे सरकतायत, पण गाडीत शांतता. पुढच्या खड्ड्यात पुन्हा आवाज परत. कधी कधी दार जरा जोरात लावलं तरी परत यायचा, आणि कधी सिग्नलला उभं असताना आपोआप. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जायचा, उजव्या पुढच्या दारात तबल्याचा ठेका फाटका यायचा, रेडिओ खरखरायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी नुसती 'कट कट' करून गप्प बसायची.

ठाण्यातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेले. मुलगा गाडीत बसला, स्क्रीनवर दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं, आवाज वाढवून कमी केला आणि म्हणाला, 'सेटचा आयसी गेलाय मॅडम. नवीनच टाका.' आयसी म्हणजे सेटच्या आतली, आवाज मोठा करून स्पीकरला देणारी चिप. चार जीबी रॅम, ५० वॅट इंटू ४, फ्रेम आणि फिटिंग धरून सोळा हजार, रिव्हर्स कॅमेरा फुकट. दुसऱ्या दुकानातही निदान तेच, फक्त आकडा बावीस हजार, आणि वर 'साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो' हा सल्ला मोफत. साहेब घरी भाजी निवडत होते आणि त्यांना व्होल्ट आणि वॅटमधला फरक मीच कधीतरी समजावलेला आहे, पण ते असो. दोन्ही ठिकाणी एकही स्क्रू कोणी सैल केला नव्हता.

त्या '५० वॅट इंटू ४' बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण गाडीच्या सेटच्या खोक्यावर हा आकडा हमखास छापलेला असतो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा, ५२ येतात. म्हणजे सेटने बॅटरीचे सगळेच्या सगळे व्होल्ट, अजिबात गळती न होता, सरळ चौकोनी लाटेने स्पीकरवर फेकले तर ५० वॅट. तसला आवाज ऐकवणार नाही. संगीतासारखी गोल लाट स्वच्छ हवी असेल तर हिशेबाने त्याच्या निम्मे, आणि आयसीतली गळती वजा केली की एका स्पीकरमागे १८-२० वॅट हातात राहतात. साध्या गाडीच्या सेटचं खरं बळ तेवढंच, सोळा हजारांचा घ्या नाहीतर बावीस हजारांचा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर गोष्ट निराळी.

दुकानदारांवर माझा फार राग नाही. दोष शोधायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. 'नुसतं बघितलंत, त्याचे काय पैसे?' असं आपणच विचारतो. सेट विकला की चार पैसे सुटतात, शोधून काढलं तर शिव्या. त्यामुळे गाडीचा आवाज गेला की पहिला बळी सेटचाच जातो.

ऑफिसातल्या एकाने खारेगावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, बाहेर टेम्पो आणि रिक्षा, आत भिंतीला टांगलेले अल्टरनेटर आणि वायरींची भेंडोळी. म्युझिक सिस्टीमची पाटी कुठेही नाही. साठीच्या आसपासचे काका. त्यांनी सेटला हात न लावता आधी प्रश्नच विचारले. 'ताई, आवाज जातो तेव्हा एक बाजू जाते की सगळं?' 'स्क्रीन विझते का?' 'गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं की जिथल्या तिथे?' मी सांगितलं की स्क्रीन चालू राहते आणि गाणं पुढेच जात असतं. त्यावर ते म्हणाले, 'मग सेटला करंट बरोबर मिळतोय. तो गेला असता तर स्क्रीन आधी गेली असती. आयसी जळलेला असता तर खड्ड्याची वाट कशाला बघेल? स्पीकरची वायर कुठेतरी बॉडीला लागतेय.'

मी म्हटलं, मी बॅलन्स पूर्ण उजवीकडे करून बघितलाय, मग डावीकडे, फेडर पुढे-मागे, सगळं. कुठेही ठेवला तरी आवाज जातोच. म्हणजे एखाद्या स्पीकरच्या वायरीचा प्रश्न नसणार. काका हसले. 'बॅलन्सने तुम्ही त्या स्पीकरचं गाणं कमी केलंत ताई. वायर थोडीच काढलीत?'

मग त्यांनी मल्टिमीटर घेतला, काळं टोक गाडीच्या बॉडीला लावलं आणि लाल टोक स्पीकरच्या एका वायरीला. सहा व्होल्टच्या जरा वर. तेच टोक त्याच स्पीकरच्या दुसऱ्या वायरीला लावलं. तिथेही तेवढेच. मी आजवर धरून चालले होते की स्पीकरची एक वायर प्लस आणि दुसरी अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोडलेली. घरच्या जुन्या डेकला तसंच असायचं. गाडीच्या सेटमध्ये तसं नसतं. बारा व्होल्टमधून जास्तीत जास्त आवाज काढायचा म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन बाजूंनी दोन अ‍ॅम्प्लिफायर ओढत असतात, आणि दोन्ही वायरी निम्म्या व्होल्टवर तरंगत असतात. गाणं वाजताना एक वर जाते, दुसरी खाली. बॅलन्स फिरवून गाणं थांबवलं तरी ते सहा व्होल्ट तसेच राहतात. यातली कुठलीही वायर बॉडीला टेकली की आयसी स्वतःला वाचवण्यासाठी चारही बाजूंचा आवाज तोडतो, आणि वायर सुटली की पुन्हा सुरू करतो. म्हणजे आयसी आपलं काम चोख करत होता आणि दुकानातले त्यालाच मेलेला ठरवत होते.

पुढची तपासणी सोपी पण कंटाळवाणी. फ्रेम काढून सेट पुढे ओढला. मागे वायरींचा जुडगा. बाहेरून येणाऱ्या सेटांच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पांढरी जोडी डावा पुढचा स्पीकर, करडी उजवा पुढचा, हिरवी डावा मागचा, जांभळी उजवा मागचा, आणि प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर उणे. काकांनी एकेक जोडी सुटी करून टेपने झाकायची आणि मी खारेगाव ते विटावा चक्कर मारून यायची, असं ठरलं. रस्ता खड्ड्यांच्या बाबतीत अगदी भरवशाचा. जांभळी काढली, आवाज गेला. हिरवी काढली, गेला. पांढरी काढली आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, जिथे पावसात गुडघाभर पाणी तुंबतं तिथल्या सगळ्या खाचखळग्यांतून, गाणं एकदाही न तुटता परत आलं. तीन स्पीकरवर का होईना.

म्हणजे डावं पुढचं दार. दार आणि बॉडी यांच्या मध्ये बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यासारखी घड्या पडलेली. काचेच्या मोटरच्या, लॉकच्या आणि स्पीकरच्या वायरी तिच्यातून जातात. दार उघडलं-लावलं की त्या सगळ्या वाकतात आणि सरळ होतात, दिवसातून कित्येक वेळा, वर्षानुवर्षं. काकांनी ती नळी बोटाने खाली सरकवली. आत गाडीच्या मूळ वायरी धडधाकट होत्या, वरून कापडी टेप गुंडाळलेली. त्यांच्या शेजारून एक जाड, पारदर्शक, बाहेरून टाकलेली स्पीकर वायर नेली होती. बरोबर घडीच्या जागी तिचं प्लॅस्टिक चिरलं होतं, आतल्या बऱ्याचशा तारा तुटून पांढरट भुकटी झाली होती आणि उरलेल्या पाच-सात तारा बाहेर डोकावत होत्या. दार लावलं की त्या पत्र्याच्या कडेला जवळजवळ टेकत. मध्ये केसाएवढं अंतर. खड्ड्यात गाडी हादरली की टेकत.

काकांनी एका तारेवर ब्लेड घासलं. वर तांब्याचा रंग, आत चांदीसारखी पांढरी. 'तांबं नाही ताई, अ‍ॅल्युमिनियम आहे. वर नुसता तांब्याचा मुलामा.' असली वायर स्वस्त पडते आणि दिसायला जाडजूड असते, पण सारखी वाकवली की तुटते आणि ओल लागली की कुजते. मूळ वायर पातळ वाटते म्हणून ती बाजूला टाकून ही 'हेवी' वायर दुकानवाल्यांनी हौशी मुलाच्या गळ्यात मारली असणार. अठरा-वीस वॅटसाठी गाडीची मूळ वायर पुरून उरते. आम्ही तीच परत वापरली. तुकडा जोडावा लागला तिथे सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, आणि जोड मुद्दाम दाराच्या आत घेतला, नळीत नाही. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि कडक जागा वाकवली की तिथूनच तुटते. हे काकांनी हाताने वायर वाकवून दाखवलं.

तेवढ्यावर गाडी घेऊन निघाले असते तर आवाजाचा प्रश्न सुटला होता. पण बॅटरी उतरायचं कारण राहिलं होतं, आणि मला त्याचीच जास्त उत्सुकता होती. त्याची तपासणी अशी. गाडी बंद, किल्ली बाहेर, बॅटरीची उणे तार काढायची आणि ती तार आणि बॅटरी यांच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून जोडायचा. दार उघडं असेल तर लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते लावल्यासारखं करायचं, म्हणजे आतला दिवा विझतो. मग वीसेक मिनिटं थांबायचं, कारण गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरमधला फ्यूज तिथल्या तिथे जाईल. सगळं निजलं की ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. आमचा आकडा ४०० च्या आसपास येऊन थांबला. काकांनी सेटचा निळा, १५ अँपिअरचा फ्यूज उपटला. आकडा वीसवर.

हिशेब करून बघा. ४०० मिलिअँपिअर म्हणजे चोवीस तासांत साडेनऊ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची, तीही जुनी. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्यात तिच्यात स्टार्टर फिरवण्याइतकं काय उरणार?

कारण सेटच्या मागेच होतं. सेटला दोन ठिकाणांहून बारा व्होल्ट लागतात. पिवळी वायर कायम चालू, सेटचा मुख्य करंट तिच्यातूनच येतो आणि किल्ली काढल्यावर घड्याळ आणि सेटिंगही तिच्यावरच टिकतात. लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू, सेटला 'ऊठ' सांगण्यासाठी. आमच्या सेटची लाल आणि पिवळी एकत्र पिळून एकाच टेपखाली कायम चालू असलेल्या तारेला बांधली होती. म्हणून किल्ली काढली तरी गाणं चालू राहायचं. स्क्रीन विझवली तरी आत अँड्रॉइड जागाच. गृहस्थांनी दाखवलेलं वैशिष्ट्य ते हेच. काकांनी लाल वायर सोडवून किल्लीवर चालणाऱ्या तारेला जोडली आणि रात्रीचा खर्च खाली आला. बॅटरी मात्र इतक्या वेळा पूर्ण उतरली होती की ती अजून किती साथ देईल ते पावसाळ्यातच कळेल.

शिट्टीचंही मूळ तिथेच सापडलं. सेटची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर डॅशबोर्डच्या आतल्या एका रंग दिलेल्या पट्टीला स्क्रूने दाबली होती. रंगावर अर्थिंग कसं मिळणार? ती गाडीच्या मूळ अर्थिंगच्या वायरीला जोडली आणि अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, शिट्टी गेली. फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरीने वाजवलं तर अजूनही बारीकशी येते. ब्लूटूथवर अजिबात नाही. ऑक्सची वायर मी काढून ठेवली.

यानंतर जे निघालं त्याने काकांचा चेहरा बदलला. मागच्या स्पीकरची वायर कुठून नेलीय हे बघायला त्यांनी डाव्या सीटखालचा गालिचा उचलला. खाली बोटाएवढी जाड लाल केबल, टोक कापलेलं, वर इन्सुलेशन टेपचे दोन-चार वेढे, उन्हाने टेपचा चीक सुटून एक वेढा उलगडलेला. पूर्वी कधीतरी सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आणि बास ट्यूब, म्हणजे नळकांड्यातला बासचा स्पीकर, होती, गाडी विकताना ती काढून घेतली आणि केबल तशीच राहिली. बोनेट उघडून बघितलं तर केबलचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या प्लसला. मध्ये फ्यूज नाही. काकांनी पहिल्यांदा मला बाजूला व्हायला सांगितलं, बॅटरीची उणे तार काढली आणि मगच केबलला हात लावला. गाडीची बॅटरी एका क्षणात कित्येकशे अँपिअर देऊ शकते. तो उघडा तुकडा सीटच्या लोखंडी रुळाला लागला असता तर आधी केबल लाल झाली असती, मग गालिचा पेटला असता. अ‍ॅम्प्लिफायर लावायचा तर बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, हा नियम त्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतो. इथे लावणाऱ्यानेही तो पाळला नव्हता आणि काढणाऱ्याला त्याची आठवण झाली नव्हती. आम्ही ती केबल फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि आतली जागा यांच्या मधल्या पत्र्यापर्यंत, ओढून पूर्ण काढली. तिच्या शेजारी सीटखाली पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लॅस्टिकचे जोड, होते. ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे. त्यांच्याकडे बोट दाखवून काका म्हणाले, 'यांना कुणालाही हात लावू द्यायचा नाही. दुकानात गेलात तर समोर उभं राहायचं.'

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने सीटखाली आणि बॅटरीच्या प्लसवर एक नजर टाकावी. तिथे कंपनीची नसलेली जाड केबल दिसली तर तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत सौदा थांबवावा. बाकीचं सगळं नंतर दुरुस्त होतं.

राहिला उजव्या पुढच्या दारातला फाटका ठेका. दाराचं पॅनेल काढलं तर आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकलेला. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातच असतं, खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि स्पीकर व पॅनेल त्यापासून वाचावेत म्हणून तो पडदा असतो. आमच्या स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकू, पाण्याने फुगून कडेला फाटला होता. मल्टिमीटरवर ओहम नीट येत होते, साडेतीनच्या आसपास. म्हणजे कॉइल जिवंत, पण कोन मेलेला. मीटर सगळं सांगत नाही. हा मी बदलायचाच ठरवला, आणि दोन्ही दारांना आवाज सारखा हवा म्हणून पुढची जोडी.

स्पीकर घ्यायला कुर्ल्याला सीएसटी रोडला गेले. ठाण्यातही मिळतात, पण तिथे एका रांगेत चार दुकानं फिरून भाव कळतो. माझा सेट अठरा-वीस वॅटचा हे आता माहीत होतं, त्यामुळे खोक्यावरच्या '३०० वॅट' कडे बघायची गरज उरली नव्हती. मी सेन्सिटिव्हिटीचा आकडा शोधत होते. तो डेसिबलमध्ये असतो, आणि तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. कमी ताकदीच्या सेटला ९० च्या पुढचा स्पीकर हवा. दुसरं माप खोलीचं. साडेसहा इंची म्हटलं तरी चुंबक किती मागे येतो ते वेगवेगळं असतं, आणि काच खाली केल्यावर ती चुंबकाला अडकली तर पंचाईत. दुकानदाराने लाकडी रिंग पुढे केली. ती आपल्या पावसाळ्यात फुगते, म्हणून प्लॅस्टिकची मागितली. पॉलिप्रॉपिलिन म्हणजे प्लॅस्टिकच्या कोनाची, मध्येच छोटा ट्वीटर बसवलेली साधी कोअ‍ॅक्सिअल जोडी तीन हजारांच्या आत मिळाली.

बसवताना काकांच्या हाताखालच्या पोराने एका स्पीकरच्या वायरी उलट्या लावल्या. आवाज दोन्हीकडून येत होता, पण बास गायब. एक कोन बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय, हवा जागच्या जागी. काकांनी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन वायरींच्या टोकांना क्षणभर टेकवला. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर उसळतो. डावा बाहेर आला, उजवा आत गेला. वायरींची अदलाबदल केली आणि ढोलकी गाडीत आली. स्पीकरची रुंद पट्टी प्लस असते आणि अरुंद उणे, हे त्या पोराला त्या दिवशी चांगलंच कळलं असणार. पडद्याच्या जागी जाड प्लॅस्टिक कापून ब्यूटिल टेपने चिकटवलं.

रेडिओचा भाग बाबांचा. त्यांना अस्मिता वाहिनी हवी असते, मध्यम लहरीवर ५५८. सेटमध्ये एएम होतं, पण ५५० नंतर थेट ५६० यायचं. ५६० वर दूर कुठेतरी बोलल्यासारखं, शब्द न कळणारं. एफएमवरही ८७.९, ८८.१ असेच विषम आकडे. हे मात्र मला घरी बसून सापडलं. सेटच्या सेटिंगमध्ये रेडिओचा प्रदेश अमेरिका ठेवलेला होता. तिकडे एएमच्या पायऱ्या १० किलोहर्ट्झच्या असतात, आपल्याकडे ९ च्या. ५५८ ला ९ ने भाग जातो, १० ने जात नाही, म्हणून ती वाहिनी त्या सेटला दिसणारच नव्हती. १०४.८ वरचं एफएमही त्याच कारणाने नीट लागत नव्हतं. प्रदेश बदलला आणि ५५८ आलं, क्षीण का होईना. क्षीण का, ते पुढच्या खेपेला काकांनी दाखवलं. छतावरच्या छोट्या अँटेनाच्या बुडाशी एक बूस्टर असतो, त्याला सेटच्या निळ्या वायरीतून करंट द्यावा लागतो. आमची निळी वायर कशालाच न जोडता लोंबकळत होती. ती जोडल्यावर एफएम स्वच्छ झालं. एएमवर माजिवड्याच्या पुलाखाली अजून खरखर होते, पण बाबा म्हणतात रेडिओला खरखर असणारच.

हिशेब सांगायचा तर स्पीकर, रिंगा, गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारा कपलर, वायर आणि मजुरी मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. मजुरी काकांनी इतकी कमी सांगितली की मीच वाढवून दिली. कपलर मात्र आग्रहाने घ्या. आमच्या गाडीत आधीच्या दुकानाने मूळ सॉकेट कापून वायरी थेट पिळल्या होत्या आणि प्रत्येक जोड पुन्हा सोल्डर करण्यातच बराच वेळ गेला. दोन-तीनशे रुपयांचा कपलर लावला की सेट बदलताना एकही वायर कापावी लागत नाही.

एक गोष्ट राहूनच गेली आहे. स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं चालत नाहीत. प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो आणि सेट तो आकडा वाचून बटण ओळखतो. सेटमधून त्यासाठी दोन वायरी निघतात, आणि त्यातली एक मागच्या फिटरने स्टिअरिंगच्या खांबापाशी अगदी मुळाशी कापली आहे. तिथे पोचायचं तर स्टिअरिंगवरची एअरबॅग उतरवावी लागेल. काका म्हणाले, ते काम माझं नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करा. मी स्क्रीनच्या बटणानेच आवाज कमी करते.